डाव्या पावलाची साक्ष

मिरजेच्या मार्केटात मयूरी कोतमिरेला 'भेजेवाली मॅडम' म्हणत, आणि ती त्या नावावर कधी चिडली नाही. चिडायला तिच्याकडे इतर पुष्कळ गोष्टी होत्या. धाकटा भाऊ संग्राम मटणाचं दुकान चालवायचा. बुधवारी आणि रविवारी गिऱ्हाईक उरकलं की तो बकऱ्यांचे भेजे बर्फाच्या डब्यात भरून एमआयडीसीतल्या आक्काच्या प्रयोगशाळेत पोचते करायचा. भेजा फ्रायचे शौकीन त्याच्या नावानं बोटं मोडायचे. "सगळा भेजा घरातच नेतोस, तरी घरात अक्कल कशी दिसत न्हाई रे?" असं एकानं विचारलं, तेव्हा संग्रामनं ते आक्काला मोठ्या आनंदानं येऊन सांगितलं होतं.

त्या भेज्यांतून मयूरी एक स्निग्ध पदार्थ वेगळा करायची, तो अल्कलीत उकळून त्याचा एक भाग तोडायची आणि शुद्ध करत करत शेवटी चिमूटभर पांढऱ्या भुकटीवर यायची. त्या भुकटीचं नाव सायकोसीन. ते विष आहे, आणि जगभरच्या प्रयोगशाळा ते तिच्याकडून मागवत.

हे विष बाहेरून येत नाही, आपणच बनवतो. मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, विजेच्या वायरवर रबर असतं तसं. त्या वेष्टणाच्या घडामोडीत थोडं सायकोसीन प्रत्येकाच्या अंगात तयार होतं आणि पेशींतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याची लगेच विल्हेवाट लावतं. पण एखादं मूल त्या विकराचं बिघडलेलं जनुक आईकडूनही घेतं आणि बापाकडूनही घेतं. त्याच्यात सायकोसीन साठत जातं. ते साबणासारखं वागतं, पेशींच्या स्निग्ध आवरणात शिरून ती आवरणं सैल करतं. वेष्टण बनवणाऱ्या पेशीच आधी मरतात. मग मुठी आवळल्या जातात, नजर जाते, दूध गिळता येत नाही. या रोगाला क्रॅबे म्हणतात, आणि त्यात बहुतेक बाळांना दुसरा वाढदिवस दिसत नाही.

नवजात बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब घेऊन हे विष मोजणारी यंत्रं आता तालुक्याच्या दवाखान्यांतही बसली होती. यंत्राला आधी मयूरीच्या भुकटीचं द्रावण चाखवायचं आणि मग बाळाचं रक्त द्यायचं, अशी पद्धत होती. अर्ध्या महाराष्ट्रातल्या यंत्रांना विषाची चव मयूरीनं शिकवली होती आणि तिला त्याचा भलताच अभिमान होता.

त्या सोमवारी जयसिंगपूरच्या दवाखान्यातून तंत्रज्ञाचा फोन आला.

"मॅडम, आकडा फार मोठा यायलाय. दोनदा बघितलं. तुमची भुकटी नासली तर नसंल?"

मयूरीनं त्याच बॅचची बाटली काढून तपासली. भुकटी शुद्ध होती. तिनं उलट फोन केला. "माझी भुकटी ठीक आहे. तुमचं यंत्रही ठीक आहे. बाळ कुणाचं आहे?"

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "धनश्री कोतमिरे. पहिलीच वेळ. मॅडम, तुमच्याच आडनावाचे की."

मयूरीनं फोन ठेवला आणि पहिल्यांदाच तिला त्या पांढऱ्या भुकटीची किळस आली.

*

धनश्री म्हणजे संग्रामची बायको आणि मयूरीच्या सख्ख्या मामाची मुलगी. मामाची मुलगी करायची ही घराण्याची रीत होती. आईनं आपल्या भावाची लेक हट्टानं सून करून आणली होती. लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा असा सरकारी सल्ला होता. लोक तो लग्नातल्या स्टीलच्या डब्यासारखा घेत आणि माळ्यावर टाकत. कोतमिऱ्यांनीही तेच केलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून धनश्री जयसिंगपुरात होती. मयूरी तिथं पोचली तेव्हा धनश्रीचे वडील, दत्तामामा, अंगणात बसले होते. साखर कारखान्यातला हा निवृत्त फिटर आयुष्यात कधी नुसता बसलेला कुणी पाहिला नव्हता. आत आई भिंतीला टेकून होती, शेजारी संग्राम. मयूरीनं सगळं नीट समजावून सांगितलं. सांगून झाल्यावर आई एवढंच म्हणाली, "माझ्याच माहेरचं रक्त. मीच आणलं."

"आई, रक्ताला कुणी पत्ता लिहून पाठवत नाही," मयूरी म्हणाली. "ज्याच्या-त्याच्या अंगात काही ना काही बिघडलेलं असतंच."

धनश्री बाळाला पाजत होती. मामाची मुलगी असल्यानं लग्नानंतरही ती नणंदेला अगंतुगंच करायची. तिनं मान वर केली. "आक्का, तू बाटलीत भरून जगभर पाठवतीस, त्येच हाय न्हवं हे?"

"तेच आहे."

"मग माझ्या लेकीच्या डोक्यातनं काढ ते. भरता येतंय तर काढताबी आलं पायजे."

हे कुठल्या पुस्तकात बसणारं वाक्य नव्हतं. पण त्या घडीपासून मयूरीला दुसरं काही सुचलंच नाही.

उपाय अर्धा होता. जनुकाची चांगली प्रत पेशींत पोचवणारं इंजेक्शन निघालं होतं आणि बाळाला ते दुसऱ्या आठवड्यात मिळालंही. पण त्या प्रतीनं पुरेसं विकर बनवायला लागेपर्यंत पाच-सहा महिने जात आणि तेवढ्यात विष आपलं काम उरकून घेई. अशी मुलं जगत, पण मान न धरता जगत.

मधले हे महिने निभावून नेईल असं एक औषध पुण्याच्या एका संशोधनसंस्थेत तयार होतं. त्याचं नाव निवळी. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून घातलं की गाळ खाली बसतो, तसं हे प्रथिन सायकोसीनचे रेणू धरून निकामी करायचं. त्याची प्रत्येक बॅच मयूरीच्या विषावर तपासली जायची, त्यामुळे तिच्या फ्रीजमध्ये निवळी कायम असायची. उंदरांत ती उत्तम चालत होती आणि निरोगी माणसांना ती बाधत नाही हेही दिसलं होतं. फक्त आजारी बाळाला द्यायला परवानगी नव्हती.

*

परवानगी देणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. रघुवीर सबनीस. पडद्यावर दिसले ते बारीक चणीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ.

"निवळी मज्जातंतू वाचवते हे माणसात दिसलेलं नाही," ते म्हणाले.

"कसं दिसेल, सर? विष ज्यांच्या अंगात आहे ती तान्ही मुलं, त्यांना तुम्ही देऊ देत नाही. आणि तुम्ही ज्यांना देऊ देता त्यांच्या अंगात विषच नाही."

"तुमचं बरोबर आहे."

"मग?"

"मग मोठ्या प्राण्यांवर आणखी अभ्यास. दोन वर्षं लागतील."

"आमच्या बाळाकडे दोन महिने आहेत."

सबनीसांनी चष्मा काढला. "मॅडम, पूर्वी एकदा अशाच एका औषधाला मी घाईनं हो म्हटलं होतं. समोर असेच नातेवाईक होते, रडत होते. ज्या मुलांना ते दिलं ती रोगानं गेली असती त्याच्या आधी औषधानं गेली. तेव्हापासून मी रडण्यावर निर्णय देत नाही."

"मी रडत नाहीये," मयूरी म्हणाली. "मी चिडले आहे. त्यावर काही नियम आहे का?"

नियम नव्हता आणि अर्ज फेटाळला गेला. पण त्या माणसानं खोटं काही सांगितलं नव्हतं, हेच तिला जास्त लागलं. विष असलेलं माणूस हवं ना, असं ती गाडीत बसल्या बसल्या स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली आणि थेट डॉ. फरहाना मुजावरच्या दवाखान्यात गेली.

फरहाना तिची शाळेपासूनची मैत्रीण. मज्जातंतूंची डॉक्टर, आणि मिरजेत मयूरीला गप्प बसवू शकणारी एकटीच बाई. मयूरीनं तिला विचारलं, "पावलाच्या बाहेरच्या कडेला जाणारी ती बारीक शीर, ती गेली तर काय होतं?"

"तेवढी कड बधिर होते. ती फक्त स्पर्श कळवते, स्नायू हलवत नाही. का?"

"डाव्या पायात त्या शिरेशी नुसतं सायकोसीन. उजव्या पायात सायकोसीन आणि त्यावर निवळी. तू दोन्हीकडचा प्रवाह मोज."

फरहानानं हातातलं पेन खाली ठेवलं. "कुणाच्या पायात?"

"माझ्या."

"मयू, तुझं डोकं त्या बकऱ्यांबरोबर कापलं काय गं? बधिरपणा कायमचा राहील. वर चढत गेला तर? आणि हे सरळसरळ बेकायदा आहे."

"माहीत आहे. दुसरा रस्ता दाखव, मी आत्ता घरी जाते."

फरहानानं रस्ता शोधायचा खरंच प्रयत्न केला. तिनं दोन दिवस मागून घेतले, ओळखीच्या साऱ्यांना फोन केले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच मयूरीकडे आली. "मी फक्त मोजीन," ती म्हणाली. "सुई मला धरायला लावू नकोस. आणि जे दिसेल तेच लिहीन. तुझ्या बाजूनं एक अक्षर लिहिणार नाही."

"म्हणून तर तुझ्याकडे आले," मयूरी म्हणाली.

सुई तिनं स्वतःच्या हातानं दिली. दोन्ही पायांत आग झाली, रात्रभर झाली. नंतर उजव्या पायाची निवली.

*

जयसिंगपुरात बाळाला रोज अंघोळीनंतर शेक-शेगडी व्हायची. खाली निखारे, वर ओवा-बाळंतशेपाची धुरी आणि मयूरीच्या आईच्या मांडीवर तेल लावलेलं लालबुंद बाळ. त्या दिवशी आईच्या कमरेत उसण भरली होती, म्हणून मयूरी शेगडीशी बसली होती. धनश्री केस पुसत आत आली आणि दारातच थांबली.

"काय करपायलंय?"

"काही नाही. ओवा असेल."

"आक्का, पाय!"

एक निखारा घरंगळून मयूरीच्या डाव्या पावलाच्या कडेला टेकला होता. कातडी काळी पडत होती आणि मयूरी बाळाशी गप्पा मारत बसली होती. धनश्रीनं चिमट्यानं निखारा उडवला, पायावर तांब्या ओतला आणि मग तिला समजलं. तिनं सगळं काढून घेतलं. मयूरीला खोटं बोलायची सवय नव्हती.

धनश्री आधी संतापली. "मला इच्यारलंस? माझ्या लेकीसाठी कुणाचं पाऊल जाळायचं ते मला इच्यारायचं न्हाई? उद्या ती मोठी झाल्यावर तिला काय सांगू मी?"

"मोठी झाली तर काय वाटेल ते सांग," मयूरी म्हणाली. "मोठी होऊ दे तेवढी."

धनश्री रडायला लागली. लग्नापासून तिला मयूरीनं रडताना पाहिलं नव्हतं. रडता रडताच तिनं नणंदेचं उजवं पाऊल मांडीवर ओढलं आणि बाहेरच्या कडेवर नखानं जोरात ओरखडा काढला. मयूरी ओरडली.

"लागलं?"

"लागणार नाही तर काय!"

"म्हंजे चाललं की गं तुझं औषध," धनश्री म्हणाली आणि ते पाऊल तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

फरहानाच्या यंत्रानंही तेच सांगितलं. डाव्या शिरेतून प्रवाह जवळजवळ जातच नव्हता, उजवीतून पूर्वीइतकाच जात होता. मयूरीनं काहीही न लपवता सगळं समितीकडे पाठवलं. सबनीसांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. कृत्य बेकायदा आहे आणि त्याची तक्रार वेगळी होईल, असं त्यांनी लिहिलं होतं. पण खाली एक ओळ होती: 'तुमच्या शरीरात विकर भरपूर आहे. उजवा पाय निवळीनं वाचवला की निवळी आणि तुमचं विकर या दोघांनी मिळून? ज्या बाळात विकर नाही तिथं निवळी एकटी पुरेल हे यावरून दिसत नाही.'

फरहानानं ते दोनदा वाचलं. "माणूस खडूस आहे, पण बरोबर बोलतोय. विकर कमी असलेली माणसं हवीत. अर्धं असलेली, त्याहून कमी असलेली. विकर कमी होत गेलं तरी उजवा पाय तेवढाच शाबूत राहतोय असं दिसलं, तर ती रेघ शून्यापर्यंत नेता येईल. पण एका बिघडलेल्या जनुकाची माणसं लाखांत विखुरलेली असतात. कुठं शोधणार?"

मयूरी हसत सुटली. बधिर पावलाचा तोल जाऊन ती टेबलाला धडकली तरी तिचं हसू थांबेना. "फरहाना, आमच्यात पिढ्यान् पिढ्या मामाच्या मुली केल्यात. तुला हवी ती माणसं माझ्या आजोळी एका पंगतीला बसतात!"

*

बारसं झालंच नव्हतं. नाव ठेवलं की जीव गुंततो, म्हणून आईनं करू दिलं नव्हतं. बाळ सव्वा महिन्याचं झालं तेव्हा मयूरीनं ते ठरवलं.

"नाव ठेवायचा मान आत्याचा," तिनं आईला सांगितलं. "आणि ही आत्या थांबणार नाही. जीव गुंतायचा तो गुंतलाय, आता कशाला लपवायचं?"

एवीतेवी गावानं बोलायचं ते बोलून घेतलं होतं. नात्यात लग्नं केली, देवानं दाखवलं, अशी कुजबुज दुकानासमोरच्या गिऱ्हाइकांतही चालायची. त्यामुळे बारशाला नातलग आले ते जरा खाली मान घालूनच. पाळणा सजला, घुगऱ्या वाटल्या. मयूरीनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि रीतीप्रमाणे भोवतीच्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायला सुरुवात केली.

"दुर्वा!" मयूरी कानात सांगायचं सोडून मोठ्यानं ओरडली. "आणि बुक्के घालून झाले असतील तर जरा बसा. आहेर नकोत मला. पाय हवेत."

मग तिनं सगळं सांगितलं. विष काय आहे, डावा पाय कायमचा बधिर होईल, कदाचित बधिरपणा वरही सरकेल, आणि मदत होईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. फरहाना शेजारी उभी होती. मयूरी कुठं गोड बोलायला लागली की ती मध्येच थांबवायची आणि धोका पुन्हा सांगायची. "आज कुणीही हो म्हणायचं नाही. घरी जा, विचार करा. ज्यांना यायचं त्यांनी गुरुवारी मिरजेला या. गरोदर, पाजणाऱ्या आणि पंचविशीच्या आतल्यांनी येऊच नका."

"म्हंजे मी न्हाई?" धनश्री उसळली. "माझीच लेक आन् मीच न्हाई?"

"तू पाजतेस. तुला नाही," फरहाना म्हणाली आणि तो विषय तिथं संपवला.

माणसं उठली. एक चुलतमामा घुगऱ्यांची वाटी तशीच ठेवून निघून गेला. जाताना म्हणाला, "एकीच्या पायी धा जणांनी लंगडं व्हायचं? डोस्कं फिरलंय ह्यांचं." त्याचं काही चुकलं होतं असं मयूरीलाही वाटलं नाही. बाकीचेही एकेक करून चपला घालून गेले.

गुरुवारी सकाळी मयूरी दवाखान्याच्या दारात उभी होती. आधी संग्राम आला, दुकान बंद करून. मग दत्तामामा आले, कारखान्याचा जुना खाकी शर्ट घालून. मग दोन मावसबहिणी आल्या, त्यांच्यामागे संग्रामच्या लग्नानंतर मयूरीनं पाहिलाही नव्हता असा एक भाऊ, आणि मग एक जीप भरून आली. ज्यांना गावानं महिनाभर नावं ठेवली ती माणसं दवाखान्याच्या पायऱ्यांवर चपला काढून रांगेत बसली. मयूरीनं तोंड फिरवलं. आपण रडतो आहोत हे तिला कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

शेवटी रिक्षातून आई उतरली.

"तू कशाला?" मयूरी म्हणाली. "तुझं वय काय, तुला साखर आहे..."

"माझं बी रक्त तपास की. मग बोल."

फरहानानं तपासलं. ज्यांच्यात विकर पूर्ण निघालं त्यांना तिनं घरी पाठवलं. बाकीच्यांत ते साधारण अर्धं होतं. आईत ते पाव हिस्साच निघालं, कारण तिचं एक जनुक बिघडलेलं होतं आणि दुसरं जात्याच अशक्त. आयुष्यभर तिला त्याचा काही त्रास झाला नव्हता. तिच्यामुळे त्या रेघेला शून्याच्या सगळ्यांत जवळचा बिंदू मिळणार होता. पण साखरेच्या रोग्यात धोका दुप्पट. फरहाना नको म्हणाली, मयूरी नको म्हणाली.

"मीच आणलं ना हे घरात?" आई म्हणाली. "मग घालवायला बी मीच पायजे. आन् ह्या पायानं आता मला कुठं नाचायला जायचंय? टोच."

*

सगळ्यांची मापं घेऊन मयूरी पुण्याच्या सभागृहात समितीपुढे उभी राहिली, तेव्हा सबनीसांनी सुरुवातीलाच हात वर केला. "हा पुरावा मी वाचू शकत नाही. तो मिळवण्याची पद्धतच गुन्हा आहे. तो स्वीकारला तर उद्या कुणीही गरिबांना रांगेत बसवून विष टोचेल आणि माझ्याकडे कागद घेऊन येईल."

"तुमची भीती खरी आहे," मयूरी म्हणाली. "नियम कडक करा, मला त्यात घाला, मी तक्रार करणार नाही. पण ही माणसं कुणी रांगेत बसवलेली नाहीत. वाचू नका. टोचून बघा."

तिच्यामागे सगळे उभे होते, अनवाणी. समितीतल्या एका बाईंनी उठून पर्समधून पिन काढली आणि सबनीसांकडे पाहिलं. त्यांनी अडवलं नाही. बाई प्रत्येकाला डोळे मिटायला लावून डाव्या पावलाच्या कडेला टोचत गेल्या. कुणी हललं नाही. मग उजव्या पावलाच्या कडेला टोचलं आणि एकामागून एक पाय झटकले गेले. दत्तामामांनी तर शिवीच हासडली.

शेवटी आई. सबनीस स्वतः उठले आणि खुर्चीसमोर कष्टानं गुडघ्यावर बसले. आईचं डावं पाऊल घोट्यापर्यंत मेलं होतं, तिच्यात विषानं जास्त वाट काढली होती. त्यांनी उजव्या पावलाच्या कडेला पिन लावली मात्र, आईनं पाय ओढून घेतला.

"आजी, हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. नात हाय माझी."

"आणि औषध नाहीच चाललं तर?"

आईनं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "तर न्हाई चाललं. पर दिलंच न्हाई म्हणून गेली, असं नको."

सबनीसांनी पिन बाईंना परत दिली. मग उठून जागेवर गेले आणि फरहानाची मापं शेवटच्या आकड्यापर्यंत वाचली. रेघ सरळ होती. विकर घटत गेलं तसे डावे पाय जास्त मेले होते, उजवे सगळे सारखेच जिवंत होते.

"एका बाळापुरती परवानगी देतो," ते म्हणाले. "आणि डॉ. कोतमिरे, तुमच्याविरुद्ध तक्रारही मीच करणार आहे. दोन्ही माझंच काम आहे."

"करा. मी पुन्हा करीन, तेही त्यात लिहा," मयूरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुर्वाच्या पाठीच्या कण्यातून निवळीचा पहिला डोस गेला.

*

प्रयोगशाळेला कुलूप लागलं. भेजा फ्रायचे शौकीन खूश झाले. चौकशी अधिकाऱ्याचे फोन येत राहिले: माफी लिहून द्या, परवाना परत मिळेल. मयूरी दर वेळी तेच सांगायची. झालं त्याची शिक्षा द्या, भोगीन. चुकलं असं मात्र लिहून देणार नाही.

दुर्वाला पाचवा महिना लागला. या रोगात मूल एवढं झालं की गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नाही, आतली वायर गेलेली असते. फरहानानं ती तपासणी याआधी दोनदा पुढं ढकलली होती. आज धनश्रीनंच दुर्वाला आणून टेबलावर बसवलं आणि पाठीमागून धरलं. संग्राम दाराशी उभा होता, त्याला आत यायचा धीर होत नव्हता. मयूरी खाली वाकून बाळाच्या पायांशी होती.

"आज करायचंच," धनश्री म्हणाली. "काय असंल ते दिसू दे."

फरहानानं रबरी हातोडी मारली. पाय लोंबत राहिला.

संग्रामनं भिंतीकडे तोंड केलं. फरहानाचा हात खाली आला.

"तू नीट न्हाई मारलीस," धनश्री म्हणाली.

"धनू..."

"ती रडकुंडीला आलीया, पाय आखडून धरलाय तिनं. सैल झाल्यावर मार. परत मार!"

तिनं दुर्वाच्या पोटावर तोंड घासलं, फुर्रर्र केलं. दुर्वा खिदळली, पाय सैल पडले आणि त्याच क्षणी फरहानानं हातोडी मारली.

पाय ताडकन उडाला. मयूरीच्या नाकावर लाथ बसली आणि तिचा चष्मा टेबलाखाली गेला.

धनश्री हसत होती की रडत होती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. संग्राम दारातूनच ओरडत होता, "काय झालं? आक्का, काय झालं?"

मयूरीला धड दिसत नव्हतं. नाक झणझणत होतं. तिनं चष्मा शोधला नाही, तोंड आणखी पुढं केलं.

"मार," ती दुर्वाला म्हणाली. "अजून मार गं, बाई. मार आत्याला."

दुर्वानं मारली.